चुगलखोर टोपी

माणसं नापास का होतात, हे हर्षला तांडेलला ठाऊक होतं. कुणाचा अभ्यास कच्चा असतो, कुणाची झोप झालेली नसते, कुणाचं नशीबच आडवं येतं. पण सगळं येत असूनही नापास होता येतं, हे तिला रेवसच्या खाडीकाठच्या प्रशिक्षण केंद्रात कळलं, वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी आणि सहा वर्षं जहाजावर काढल्यानंतर.

"चाळीस मिनिटांत मी मुद्दाम चौदा चुका केल्या," परीक्षक कॅप्टन नफीसा परकार म्हणाल्या. "किती दिसल्या तुला?"

"काही दिसल्या, मॅडम."

"काही?" परकारबाईंनी आलेखाचा कागद तिच्यापुढे सरकवला. त्यावर एक निळी रेघ होती आणि त्या रेघेत जागोजागी खाली गेलेले बारीक खड्डे. "चौदाच्या चौदा दिसल्या. पंधरावी मी ठरवून केली नव्हती, माझ्या हातून झाली. तीही पकडलीस. आणि बोललीस किती?"

हर्षला खाली मान घालून आलेखाकडे बघत राहिली.

"बघ! आत्ताही गप्पच," बाई म्हणाल्या. "एकदा बोललीस. आणि तेही 'येस मॅडम'."

कागदावरच्या त्या खड्ड्यांना शास्त्रज्ञ 'चूकलहर' म्हणत. आपल्यासमोर काही चुकतंय हे माणसाला जाणवलं, की पाव सेकंदाच्या आत त्याच्या कपाळामागे, मेंदूच्या मधल्या पट्टीत, विजेची एक इवलीशी लहर उठते. व्होल्टचे काही दशलक्षांश, एवढीच तिची ताकद. अशी लहर असते हे प्रयोगशाळांना कित्येक दशकं माहीत होतं. पण मेंदूच्या बाकीच्या गलबल्यातून ती वेगळी काढायची, तर तोच प्रसंग शेकडो वेळा घडवून त्यांची सरासरी काढावी लागे. मग कापडाइतके पातळ संवेदक आले, एकाच प्रसंगातून एकच लहर निवडून काढणारं गणित आलं, आणि दोन्ही मिळून डोक्यावर घालायची एक साधी टोपी तयार झाली. जगभर जहाजावरच्या अधिकाऱ्यांच्या परीक्षेत ती सक्तीची होऊन दोन वर्षं झाली होती. मुलं तिला चुगलखोर म्हणत.

टोपी येण्याआधी परीक्षेतल्या गप्प बसण्याचा एकच अर्थ होता: याला येत नाही. टोपीनं त्या गप्प बसण्याचे दोन तुकडे केले. नापास झालेल्या पाच जणांमागे एकालाच चूक दिसलेली नसे. बाकी चौघांना ती दिसलेली असे, आणि त्यांनी ती गिळलेली असे.

"आता नीट ऐक," परकारबाई म्हणाल्या. "तुझ्यापुढे दोन वाटा आहेत. पहिली, टोपीचं प्रमाणपत्र. ते आजच मिळेल. मात्र जहाजावर ड्यूटीला टोपी घालून उभं राहायचं. तुझी लहर उठली की भोंगा वाजेल. तुला तोंड उघडायची गरज नाही. कंपन्यांना ही कल्पना फार आवडलीय, पुढच्या वर्षी सगळ्यांनाच ती लावायचा विचार चाललाय."

"आणि दुसरी?"

"सहा आठवडे माझ्याकडे शिकायचं आणि परत परीक्षा द्यायची. पुन्हा नापास झालीस, तर दोन वर्षं कुठल्याही जहाजावर पाय ठेवता येणार नाही."

हर्षलाचं जहाज आठ दिवसांनी सुटणार होतं.

*

"टोपी घे आणि मोकळी हो," कॅप्टन विद्याधर मयेकर म्हणाले. अलिबागच्या त्यांच्या घरी ओट्यावर दोघं चहा घेत बसली होती. "यात विचार कसला करायचा? तू बोलू नको, टोपी बोलेल. नाहीतरी तुझा स्वभाव शांत. ब्रिजवर मला तो बरा वाटायचा."

ब्रिज म्हणजे जहाजाची ती उंच, काचांची खोली, जिथून जहाज चालवतात. मयेकरांच्या ब्रिजवर हर्षला साडेतीन वर्षं उभी राहिली होती. कोळीवाड्यातून आलेल्या मुलीला घ्यायला दोन कंपन्यांनी टाळाटाळ केली, तेव्हा तिला आपल्या जहाजावर मागून घेतलं होतं ते मयेकरांनीच. ताऱ्यांवरून जागा काढायला त्यांनी शिकवलं, वादळात जेवायला त्यांनीच शिकवलं. एक गोष्ट मात्र तिथं कुणी शिकवली नव्हती, तरी सगळ्यांना आपोआप आली होती. साहेब बोलले की विषय संपला.

"सर, तुम्हाला एक सांगायचं राहिलंय," हर्षला म्हणाली. "आपलं जहाज नदीच्या मुखाशी चिखलात रुतलं होतं, तेव्हाचं."

मयेकरांनी कप खाली ठेवला. दोन वर्षांपूर्वीची ती गोष्ट त्यांच्या घरात कुणी काढत नसे. वळण उजवीकडे होतं आणि त्यांच्या तोंडून 'पोर्ट टेन' गेलं होतं, म्हणजे सुकाणू डावीकडे दहा अंश. जहाज काठावर चढलं. घाईघाईत नांगर सोडताना साखळीत सापडून खलाशांचा मुकादम, बोसन सुलेमान, याची दोन बोटं गेली. चौकशीत मयेकर म्हणाले होते, चूक माझी एकट्याची आहे; बाकी कुणाच्या लक्षात येण्यासारखी नव्हती.

"मला दिसलं होतं, सर."

"काय?"

"ऑर्डर उलटी आहे हे. आणि मी ती परत म्हटली. 'पोर्ट टेन, सर.' अगदी खणखणीत. सुकाणूवाल्यानंही परत म्हटली. दोघांच्या उच्चारात काही चूक नव्हती."

जहाजावरची ही जुनी रीत आहे. कप्तानानं दिलेली ऑर्डर ऐकणाऱ्यानं मोठ्यानं परत म्हणायची, म्हणजे ऐकण्यात चूक होत नाही. ती देण्यात झाली असेल, तर ती बिनचूक पुढं जाते.

मयेकरांनी थंड झालेला चहा अंगणात ओतून दिला. मग म्हणाले, "मग टोपी घेच तू. ती त्या दिवशी असती, तर सुलेमानची बोटं वाचली असती."

"भोंगा वाजला असता, सर. काय चुकलंय हे टोपीला कळत नाही, नुसतं काहीतरी चुकलंय एवढंच कळतं. तुम्ही मागं वळून विचारलं असतं, 'काय झालं?' आणि तेव्हाही मी बोलले असते की नाही, हे मला आज सांगता येत नाही."

ती उठली. मयेकर तिला सोडायला फाटकापर्यंत आले नाहीत. असं पहिल्यांदाच झालं.

*

"टोपी नको," तिनं परकारबाईंना सांगितलं.

बाईंनी खणातून एक फाईल काढली. "आता दाखवायला हरकत नाही. आधी दाखवली असती, तर मी तुला ढकलल्यासारखं झालं असतं. आठ जहाजांवर टोपीभोंग्याचा प्रयोग झाला. हा पहिल्या महिन्यातला आलेख. हा चौथ्या महिन्यातला."

माणसं तीच होती, पण खड्डे निम्मे उथळ झाले होते.

"ही लहर काळजीतून उठते," बाई म्हणाल्या. "जे सांगायची जबाबदारी आपली नाही, ते मेंदू हळूहळू बघायचंही सोडून देतो. टोपी ज्यावर जगते, तेच खाऊन टाकते. परीक्षा मंडळाला मी तीन पत्रं पाठवली. त्यांचं म्हणणं, मग दुसरा उपाय दाखवा." त्यांनी चष्मा पुसला. "तर आपण दुसरा उपाय शोधायचाय. चल, सुकाणूपाशी उभी राहा."

पुढचे दिवस हर्षलाला जन्मभर आठवतील. सिम्युलेटरच्या खोट्या ब्रिजवर परकारबाई कप्तान होत आणि तऱ्हेतऱ्हेच्या चुका करत. कधी प्रेमळपणे, कधी ओरडून, कधी मध्येच स्वतःच्या मुलाच्या लग्नाची गोष्ट सांगत. टोपीचा उपयोग त्या घड्याळासारखा करत: लहर उठल्यापासून शब्द बाहेर पडेपर्यंत किती वेळ लागतो?

पहिल्या दिवशी अकरा सेकंद लागले.

"बारा नॉटच्या वेगानं जहाज सेकंदाला सहा मीटर जातं," बाई म्हणाल्या. "म्हणजे तू सहासष्ट मीटर लाजलीस."

"मॅडम, तोंडात शब्द येतो, पण तो उद्धट वाटतो. 'सर, तुम्ही चुकताय' असं कसं म्हणायचं?"

"मग तसं म्हणू नको. काय दिसतं तेवढंच म्हण. ऑर्डर परत म्हणतेसच ना? तिच्या मागोमाग डोळ्यांना दिसलेली एक गोष्ट जोडायची. दर वेळी, ऑर्डर बरोबर असली तरीही. 'स्टारबोर्ड टेन, सर. उजवीकडे मासेमारीची होडी.' रोजचं झालं की त्यात अपमान राहत नाही."

रविवारी ती करंज्याला घरी गेली. बाबा अंगणात जाळं विणत बसले होते.

"काय गो बाय, नापास झालीस म्हनं?"

"झाले."

"येत नव्हतं?"

"येत होतं. बोलले नाही म्हणून."

म्हाताऱ्याच्या हातातली सुई थांबली आणि तो खो खो हसत सुटला. "तू? लहानपनी तुला गप बसवायला तुझ्या आयशीला खाऊ द्यावा लागायचा!"

हर्षलाही हसली. पण परतीच्या बोटीत ती विचार करत राहिली. बोलणं तिच्यात होतंच, ते कुठंतरी वाटेत सांडलं होतं. आणि ते तिच्या एकटीच्या हातून सांडलं नव्हतं. समोरच्यानं न ऐकल्यामुळे सांडलं होतं.

चौथ्या आठवड्यात तिचा वेळ तीन सेकंदांवर आला, आणि तिथंच अडला. तेव्हा ती बाईंना म्हणाली, "मॅडम, मी बोलते. पण तुम्ही ऐकलं की नाही, हे मला कळतच नाही. तुमची ऑर्डर मी परत म्हणते. माझं सांगणं तुम्ही का परत म्हणत नाही?"

परकारबाईंनी हातातला आलेख खाली ठेवला. "म्हणजे कप्तानानं, हाताखालच्यांचं?"

"शब्दाला शब्द. मानायचं की नाही, ते त्यांनी नंतर ठरवावं."

दुसऱ्या दिवशी त्यांनी वर्गातल्या मुलांना आळीपाळीनं कप्तान केलं आणि तसं करून पाहिलं. वेळ दीड सेकंदावर आला. आणि टोपीनं आणखी एक गोष्ट दाखवली, जी कुणाच्या ध्यानीमनी नव्हती: हाताखालच्याचं वाक्य परत म्हणताना, दहापैकी आठ वेळा, कप्तानाच्या डोक्यातही चूकलहर उठत होती. तोंडानं म्हटलं की नजर तिकडं जातेच.

बाईंनी त्या दिवशी सगळ्या वर्गाला स्वतःच्या पैशानं कोळंबीची बिर्याणी खाऊ घातली.

*

सहाव्या आठवड्यात कप्तान मंडळी आली. त्यांच्या प्रमाणपत्रांचं दर पाच वर्षांनी नूतनीकरण होई, आणि नव्या नियमानं परीक्षा एकेकट्याची न होता ब्रिजवरच्या सगळ्यांची मिळून होई. यादीत हर्षलाच्या संघाचा कप्तान म्हणून नाव होतं विद्याधर मयेकर यांचं.

"बदलून देऊ?" परकारबाईंनी तिला बाजूला घेऊन विचारलं.

"नको, मॅडम. ते तयार असतील तर मीही आहे."

मयेकर तयार होते, पण खूश नव्हते. "चाळीस वर्षं ऑर्डरी दिल्या, आता पोपट व्हायचं," ते सरावाच्या वेळी म्हणाले. हर्षलाशी ते फक्त कामापुरतं बोलत. तिनं 'समोर टगबोट, सर' म्हटलं, की ते 'टगबोट' एवढंच पुटपुटत आणि दुसरीकडे बघत. बासष्टाव्या वर्षी हे त्यांचं शेवटचं नूतनीकरण होतं. संघ नापास झाला, तर दोघंही जमिनीवर राहणार होती.

शेवटची परीक्षा खऱ्या जहाजावर होती, 'शुक्ती' नावाच्या छोट्या प्रशिक्षण-जहाजावर. जहाजाची जबाबदारी परकारबाईंची होती. मंडळाचे एक सदस्यही आले होते, टोपीभोंग्याच्या बाजूचे. परीक्षेचा शेवटचा भाग नुसत्या डोळ्यांवर जहाज खाडीत आणायचा, म्हणून रडार आणि नकाशाच्या पडद्यांवर कापड टाकलं गेलं.

"टोप्याही काढा," बाई म्हणाल्या. "हे उघड्या डोक्यानंच करायचं."

सकाळचे साडेनऊ झाले होते. भरती जोरात खाडीत शिरत होती. आत येताना लाल बोया, म्हणजे वाट दाखवायला साखळीनं नांगरलेली तरंगती खूण, डाव्या हाताला ठेवायचा, हा नियम पहिल्या वर्षाच्या मुलालाही पाठ असतो. मयेकरांना लांबवर लाल बोया दिसला. थोडा उजवीकडे, त्यांच्या अंदाजापेक्षा जास्तच. तो डाव्या हाताला यावा म्हणून त्यांनी ऑर्डर दिली.

"स्टारबोर्ड टेन."

"स्टारबोर्ड टेन, सर," सुकाणूवाला म्हणाला आणि जहाज उजवीकडे वळू लागलं.

हर्षलानं दुर्बीण लावली. नांगरलेला बोया जोराच्या भरतीत ताठ उभा राहत नाही. पाणी त्याला ढकलतं, साखळी धरून ठेवते, म्हणून तो वाकतो आणि त्याच्या एका अंगाला फेसाची शेपटी निघते. हा बोया सरळ उभा होता. त्याच्याभोवती पाणी तळ्यासारखं शांत होतं. पाण्याला अडवणाऱ्या वस्तूभोवतीच फेस येतो. पाण्याबरोबर वाहणाऱ्या वस्तूभोवती येत नाही.

ही परीक्षेतली चूक असेल का? बाईंनी मुद्दाम सोडलेली? तिला माहीत नव्हतं, आणि त्यानं काही फरक पडत नव्हता.

"स्टारबोर्ड टेन, सर. लाल बोया सरळ उभा आहे. फेस नाही. बोया सुटलाय."

मयेकरांचा उजवा हात वर झाला. पंजा उघडा, बोटं जुळलेली. साडेतीन वर्षांत तिनं तो शेकडो वेळा पाहिला होता. त्याचा अर्थ होता, गप्प.

मंडळाचे सदस्य खुर्चीत पुढे सरकले. परकारबाईंनी दुर्बीण डोळ्यांना लावली.

"सर," हर्षला पुन्हा म्हणाली, आणि या वेळी तिचा आवाज ब्रिजच्या चारी काचांना लागला. "लाल बोया सरळ उभा आहे. फेस नाही. तुम्ही परत म्हणा, सर."

हात तसाच वर होता. मग मयेकरांचे ओठ हलले.

"लाल बोया…" ते नाइलाजानं म्हणू लागले. "लाल बोया सरळ उभा. फेस…"

आणि त्यांची नजर बोयावर गेली.

"फेस नाही! मिडशिप्स! स्टॉप इंजिन! पोर्ट ट्वेंटी!"

सुकाणू सरळ, इंजिन बंद, मग डावीकडे वीस: ऑर्डरी, त्यांचे पडसाद, सगळं एका लयीत झालं. 'शुक्ती' थरथरली, तिचं नाक डावीकडे वळलं, आणि उजव्या बाजूला, जिथं ती मिनिटभरात पोहोचली असती, तिथं एक लाट उगाचच फुटली. खाली खडक असल्याशिवाय सपाट पाण्यात लाट फुटत नाही. तो सगळ्यांनी पाहिला, ओला, काळा, म्हशीच्या पाठीएवढा.

परकारबाईंनी पडद्यावरचं कापड ओढून काढलं. बोया आपल्या जागेपासून तीनशे ऐंशी मीटर दूर होता.

"ही चूक मी ठेवलेली नव्हती," त्या म्हणाल्या. "मलाही तो बोया जागेवरच आहे असं वाटलं."

"टोपी असती तर भोंगा वाजलाच असता की," मंडळाचे सदस्य म्हणाले, पण जरा चाचरत.

उत्तर मयेकरांनी दिलं. "वाजला असता. आणि मी म्हटलं असतं, बंद करा ते. चाळीस वर्षांत मी कितीतरी भोंगे बंद करायला लावलेत, साहेब." ते हर्षलाकडे वळले. ब्रिजवर सहा माणसं होती आणि सगळी ऐकत होती. "नदीच्या मुखाशी तुला दिसलं होतं, ते तू मला अलिबागला सांगितलंस. तेव्हा मला राग आला, तू का बोलली नाहीस याचा. सहा आठवडे तोच राग धरून बसलो. हा हात कसा वर जातो, ते आज मला दिसलं. साडेतीन वर्षं मी तुला हेच शिकवत होतो, पोरी."

हर्षलानं समोरच्या काचेबाहेर पाहिलं. मग म्हणाली, "सर, आपण अजून वळतोय."

"आपण अजून वळतोय. ऐकलं. मिडशिप्स!" मयेकर ओरडले, आणि परकारबाईंना हसू आवरेना.

निकाल धक्क्याला लागण्याआधीच लागला. संघ उत्तीर्ण, दोघांची प्रमाणपत्रं विनाअट. मंडळाच्या सदस्यांनी आपल्या वहीत बराच वेळ काहीतरी लिहिलं आणि त्याखाली दोन रेघा मारल्या. टोपी वर्गात राहील, घड्याळासारखी. जहाजावर माणसं एकमेकांचं परत म्हणतील, हा नियम व्हायला पुढं सात महिने लागले. पण त्या सकाळी 'शुक्ती'वर तो होऊनच गेला होता.

खाडीचं अरुंद तोंड अजून पार करायचं होतं. मयेकर मधोमध उभे राहिले, टोपीवाचून विस्कटलेले पांढरे केस वाऱ्यावर, दोन्ही हात पाठीमागे बांधलेले.

"आत शिरण्याआधी विचारतो," ते म्हणाले. "बोला. कुणाला काय दिसतंय?"

सगळे एकदम बोलू लागले. डावीकडची होडी, पुढचा धक्का, उथळ पाण्याचा बदललेला रंग. सुकाणूवालाही बोलत होता, आयुष्यात पहिल्यांदा ऑर्डरीपलीकडचं काही.

"एकेक! एकेक करून!" परकारबाई ओरडल्या, पण कुणी थांबेना, आणि कप्तान एकेकाचं वाक्य परत म्हणत जहाज आत घेऊन चालले होते.